परत आलेला ग्लास

ग्लास परत आला. लंबूनं तो ट्रेवरून उचलून काउंटरवर माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे न बघता फडक्यानं ट्रे पुसायला लागला. ट्रे कोरडाच होता. "काय झालं?" मी विचारलं. "आंबट आहे म्हणतायत," तो म्हणाला आणि लगेच घाईघाईनं, "मी नाही म्हणत हं ताई. ते म्हणतायत, खांबाच्या पलीकडच्या टेबलावरचे." लंबू माझ्याहून वयानं मोठा आणि या हॉटेलात माझ्या आधीपासून वेटर, पण माझ्या रागाला तो मॅनेजरसाहेबांच्या रागापेक्षा जास्त घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. मी या काउंटरमागे उभी राहायला लागले त्यानंतर लोकांनी माझे ग्लास सांडलेत, बोलण्याच्या नादात विसरलेत, एकदा तर एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या अंगावर ओतला आणि मग शांतपणे माझ्याकडे येऊन दुसरा मागितला. पण माझ्या हातचा गिमलेट आंबट म्हणून परत आला, असं कधीही झालेलं नव्हतं. दुपार उतरत आली होती. खिडक्यांतून पिवळं ऊन आत येऊन बाटल्यांच्या मागच्या आरशावर पडत होतं आणि दोन-चार टेबलंच भरली होती. मी त्या ग्लासकडे बघत राहिले. वरचा फेस अजून जागेवर होता. एखादा घोट गेला असेल नसेल.

गिमलेट म्हणजे काय, तर जिन, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक. बर्फात चांगलं हलवायचं आणि गाळून द्यायचं. एवढंच. करायला बसलं तर कुणालाही जमेल असं वाटतं आणि म्हणूनच शंभरातल्या नव्वद ठिकाणी तो पिववत नाही. जास्त गोड झाला तर पाण्यात विरघळवलेली गोळी, जास्त आंबट झाला तर दात शिवशिवतात आणि जिन बिचारी कुठे गेली ते कळतच नाही. या दोघांच्या मधे एक जागा असते. तिथे आधी लिंबू येतं, ते जरा टोचायला लागतं तोच साखर त्याचा हात धरते, आणि दोघं बाजूला झाल्यावर जिनचा तो कोरडा, हिरवा वास घशात मागे उरतो. ती जागा मला सापडते. रोज सापडते. साखरेचं काही नाही, ती आज जशी तशीच उद्या. सगळा नखरा लिंबाचा. एका टोपलीतली दोन लिंबंसुद्धा सख्खी नसतात. म्हणून रोज दुपारी आल्याआल्या मी रस काढते, चाखते आणि त्या दिवसाचा पाक त्या दिवसाच्या रसाला बघून ठरवते. बाकीचे बारवाले एकदा माप ठरवून वर्षभर डोळे मिटून ओततात. मला हसू येतं त्यांचं. गर्व आहे का मला? आहे. ज्याला काहीच नीट येत नाही त्यानं खुशाल नम्र असावं.

मी ग्लासात स्ट्रॉ बुडवली, वरचं टोक बोटानं दाबून थेंब उचलला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सोडला. क्षणभर थांबले. मग चाखला. बरोबर होता. लिंबू, साखर, जिन, सगळे आपापल्या जागी. मी पुन्हा एक थेंब घेतला. बरोबर. पण दुसऱ्यांदा का घेतला? मी दुसऱ्यांदा कधी चाखत नाही. मला माहीत होतं की मी दुसऱ्यांदा का चाखतेय.

मागच्या महिन्यात मला ताप आला होता. साधाच, पण तो उतरला आणि तोंडाची चव घेऊन गेला. सकाळी चहा तोंडात घेतला तर नुसतं गरम पाणी. मला वाटलं साखर विसरले, म्हणून साखरच चिमटीत धरून जिभेवर टाकली. रेती. नुसती करकर. लिंबू कापून चोखलं तर जीभ आखडली खरी, गालांतून पाणीही सुटलं, पण आंबट असं काही लागलंच नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि एकेक डबा उघडून त्यातलं काही ना काही तोंडात टाकत गेले, मीठ, मिरी, कॉफीची पूड, आणि सगळं कागदासारखं. इतकी मी उभ्या आयुष्यात घाबरले नव्हते. लोकांचे हात-पाय कामाचे असतात, माझी जीभ. तिच्या जिवावर मी या काउंटरमागे पोचले, नाहीतर इथे बायका फक्त ग्लास विसळायला ठेवतात. मी कुणालाही सांगितलं नाही. ताप म्हणून रजा वाढवली आणि घरात बसून रोज साखर आणि लिंबू, लिंबू आणि साखर. मग एक दिवस लिंबू आंबट लागलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी साखर आली. कामावर आले तेव्हा सगळं होतं तसं होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं. पण परत आलेली चव पूर्ण परत आलीय की थोडी तिकडेच राहिलीय, हे कळायचं कुठल्या जिभेनं? चाखणारी तीच आणि तपासणारीही तीच. गेले कित्येक दिवस मी त्या जागी पोचतेय, की नुसत्या हाताच्या सवयीनं ओततेय आणि जीभ आठवणीतून होला हो करतेय? खांबाच्या पलीकडचा तो कोण असेल त्यानं एका शब्दात माझं पितळ उघडं पाडलं असेल तर?

दुसऱ्या कुणाला चाखायला दिलं की प्रश्न मिटला असता. लंबू समोरच उभा होता. पण त्याच्या तोंडात सदा बडीशेप. त्याला रॉकेल दिलं तरी थंडगार आहे म्हणेल. आत मुदपाकखान्यात मुख्य आचारी होता, त्याची जीभ चांगली आहे, माझ्याइतकी नाही पण चांगली. त्याला हाक मारायची आणि म्हणायचं, जरा बघा हो, आंबट आहे का? मी? आजवर त्याच्या सॉसमध्ये काय कमी आहे ते मी सांगत आले आणि तो तोंड वाकडं करून ते घालत आला. मी त्याला विचारलं की संपलं. संध्याकाळपर्यंत धोब्यापर्यंत बातमी जाईल की ताईंना चव कळेनाशी झाली. मेले तरी विचारणार नाही असं मी ठरवलं, आणि ठरवताना हेही कळत होतं की असं ठरवणारं माणूस आतून पुरतं टरकलेलं असतं.

"अहो, बदलून द्यायचा का?" लंबूनं हळूच विचारलं. "की मीच सांगू त्यांना, असाच असतो म्हणून? म्हातारा माणूस आहे. काही बोलणार नाही."

"म्हातारा?"

"हो ना. एकटेच आलेत. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मला वाटलं वाट चुकून आलेत, चहा मागतील. तर म्हणाले, इथे त्या बाई जिन आणि लिंबाचं जे करतात ते एक द्या. आणि प्यायले पण कसे माहितीये? प्यायलेच नाहीत. चमच्यानं थेंब घेतला, इथे ठेवला," लंबूनं स्वतःच्या अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं, "बघत बसले त्याच्याकडे. मग चाटला. मग पुन्हा घेतला. मग म्हणाले, आंबट आहे, परत घेऊन जा. तुम्ही आत्ता केलंत ना, अगदी तस्सं."

माझा हात काउंटरवर होता तिथेच राहिला. असा थेंब घेणारी माणसं या जगात दोनच आहेत. एक मी आणि दुसरे माझे बाबा.

आमचं औषधांचं दुकान होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, बाबा अजूनही तिथे बसतात. तयार बाटल्या आणि गोळ्या सगळेच विकतात, पण बाबा औषधं स्वतः तयार करायचे, अजूनही करतात. डॉक्टरची चिठ्ठी यायची आणि बाबा मागच्या खोलीत जाऊन काचेच्या मापातून एकेक ओतायचे. कडू औषध पोटात तर गेलं पाहिजे, म्हणून त्यात पाक, आणि नुसत्या पाकानं मळमळतं म्हणून लिंबाचा किंवा संत्र्याचा अर्क. शाळेतून आले की मी त्या खोलीत. स्पिरिटचा, कापराचा, साखर उकळल्याचा वास, आणि उंच स्टुलावर बसून खाली न टेकणारे माझे पाय. पाक थंड झाला की मी बोट घालून चाटायची. बाबांनी एकदा माझं मनगट धरलं, रागानं नाही, आणि थेंब माझ्या अंगठ्याच्या मुळाशी ठेवला. "थांब. थंड वस्तूची गोडी लपलेली असते. अंगाची ऊब लागू दे. मग ती खरं सांगेल." आम्ही दोघं डोकं जवळ घेऊन त्या थेंबाकडे बघत राहिलो, जणू तो आत्ता बोलेल. मग त्यांनी मला चाखायला लावलं आणि विचारलं, "काय कमी आहे?" मी म्हटलं लिंबू. त्यांनी अर्काचे दोन थेंब घातले, चाखलं, आणि बाटलीला बूच लावलं. त्या दिवसापासून प्रत्येक बाटली बंद करायच्या आधी ते मला हाक मारायचे. दादाला कधी नाही मारली. दादाला गूळ आणि चॉकलेट यातला फरकसुद्धा अंधारात सांगता येत नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगते.

दुकान माझ्याकडे येणार हे धरूनच चाललं होतं. आणि मी बारमध्ये गेले. का गेले याचं उत्तर मला तेव्हाही येत होतं आणि आजही येतं: मला आजारी माणसांसाठी चव लपवायची नव्हती, धडधाकट माणसांसाठी ती बाहेर काढायची होती. बाबा एकच वाक्य बोलले, "औषधाचा हात दारूला लावतेस." ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि मोकळे झालो असतो. पण ते वाक्य बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि मागच्या खोलीत गेले. त्यानंतर मी घरी जातच होते. आई गेल्यावर तर जास्तच. जेवायचो, दादाच्या नोकरीचं, वहिनीच्या गुडघ्यांचं, गळणाऱ्या नळाचं बोलायचो. माझ्या कामाचं नाव त्या घरात निघत नसे. वर्तमानपत्रात माझ्या या गिमलेटवर दोन रकाने छापून आले, फोटोसकट, तेव्हा ते पान बाबांच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेलं मी बघितलं आणि जेवताना ते म्हणाले, "आज उकडतंय फार."

आणि आता इतक्या वर्षांनी आले ते हे सांगायला, की आंबट आहे. माझ्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. माझ्या दारात यायचं, माझ्या माणसांसमोर, माझ्याच रीतीनं थेंब घ्यायचा आणि ग्लास परत पाठवायचा! वाटलं, सरळ जावं आणि म्हणावं, बाबा, हे काही खोकल्याचं औषध नाही. मी शेकर उचलला, आपटून खाली ठेवला. लंबू दोन पावलं मागे सरला. आणि मग, राग जरा बाजूला झाला तेव्हा, डोक्यात काहीतरी खुटखुटायला लागलं. थेंब अंगाच्या उबेवर घेतला होता. उबेवर गोडी पुढे येते. थंड ग्लास एखाद्याला आंबट लागेल, समजू शकते. पण ऊब लागलेला थेंब, तोही दोनदा, बाबांना आंबट? ऊब लागल्यावर तो उलट किंचित गोडाकडे झुकायला हवा. मी आत्ताच चाखला होता आणि तो तसाच झुकला होता.

मग वहिनीचा फोन आठवला. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे कुरकुरत होती, "तुमच्या बाबांचं काय करू सांगा. चहात साखर घाल, साखर घाल. चमच्यावर चमचे घातले तरी फिकाच. परवा साखरेचा डबाच घेऊन बसले. मला वाटतं मुद्दाम करतात." मी म्हटलं होतं, म्हातारपणी असंच असतं, आणि विषय बदलला होता. चव गेलेल्या माणसाला चहा कसा लागतो हे सगळ्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

म्हणजे माझी जीभ शाबूत होती. पहिल्यांदा हेच वाटलं, आणि आनंद झाला. तो आनंद पुरता अंगात भिनायच्या आत दुसरी गोष्ट कळली, की मग त्यांची गेली. ज्या जिभेनं मला जीभ दिली ती. मी काउंटरची कड धरून उभी राहिले. ऊन आरशावरून सरकून बाटल्यांवर आलं होतं.

मी नवा ग्लास करायला घेतला. जिन, रस, आणि पाक. नेहमीच्या ठिकाणी हात आपोआप थांबला. मी त्याला पुढे ढकललं. आणखी पाक, आणि आणखी थोडा. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकासाठी मी हे केलेलं नाही. गोड हवं म्हणणाऱ्याला मी आइस्क्रीमचं दुकान कुठे आहे ते सांगते. बर्फ घालून हलवलं, गाळलं. परत आलेला पहिला ग्लास ओतून टाकवेना, तो मी बाजूला सरकवून ठेवला. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आले. लंबूचं तोंड उघडंच राहिलं, कारण मी ग्लास घेऊन टेबलापाशी जाते हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

बाबा खांबाच्या पलीकडे ताठ बसले होते, दोन्ही हात टेबलावर, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसतात तसे. मला बघून त्यांनी बाजूची खुर्ची थोडी मागे ओढली.

"तुम्ही पीत नाही," मी म्हटलं.

"औषधापुरतं चालतं."

"आणि परत पाठवलात. मला हाक मारायची ना."

"तू कामावर होतीस. कामावरच्या माणसाला हाका मारू नयेत. ग्लास परत गेला की तू येशील हे माहीत होतं." ते किंचित हसले. "आपटलंस ना काहीतरी? ऐकू आलं इथे."

मी नवा ग्लास पुढे ठेवला. त्यांनी चमच्यानं थेंब घेतला, अंगठ्याच्या मुळाशी ठेवला, थांबले. मग चाखला. त्यांचा चेहरा सैल झाला आणि मला वाटलं, बस, जमलं, आता दोन गोड शब्द बोलावेत आणि यांना रिक्षात बसवावं. पण त्यांनी ग्लास उचलून माझ्यासमोर ठेवला.

"हा मला बरोबर लागतोय," ते म्हणाले. "आता तू चाख. आणि खरं सांग."

"काय झालंय बाबा?"

"एका बाईनं खोकल्याचं औषध परत आणलं. म्हणाली, काका, इतकं गोड आहे की मळमळतं. आजवर माझी बाटली परत आली नव्हती. मी चाखलं. मला बरोबर लागलं." ते टेबलाच्या लाकडाकडे बघून बोलत होते. "आता हे विचारायचं कुणाला? दादाला काही कळत नाही. वहिनी म्हणते चहा गोड आहे, पण ती चहा रोज वेगळा करते, तिच्यावरून काय ठरवणार. ज्याचं माप चुकणारच नाही अशी एक तरी वस्तू पाहिजे ना, जिच्यावर स्वतःची जीभ लावून बघता येईल. मी विचार केला. अशी एकच आठवली."

इतकी वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते, तो त्यांनी असा, दुकानातल्या तराजूबद्दल बोलावं तसा, टेबलावर ठेवला होता. आणि त्याच क्षणी समोरचा गोड ग्लास माझी वाट बघत होता. खोटं बोलणं सोपं होतं: हो बाबा, पहिला चुकलाच होता, आज लिंबूच वाईट निघालं. ते सुखानं घरी गेले असते. पण मग त्यांच्या त्या एकमेव वस्तूचं माप चुकलेलं ठरलं असतं, आणि उद्या बाटली बंद करताना ते कुणाकडे बघणार होते?

मी थेंब अंगठ्याच्या मुळाशी घेतला. ऊब लागू दिली. चाखला. साखर जिभेवर जाड होऊन बसली, लिंबू तिच्याखाली गुदमरलं.

"गोड आहे," मी म्हटलं. "फार गोड आहे, बाबा."

"म्हणजे पहिला बरोबर होता."

"हो."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी म्हटलं, "माझीही गेली होती. तापात. मग आली परत. तुमचीही येईल, आपण दाखवू कुणाला तरी." मी हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"घाबरली असशील," ते म्हणाले.

"खूप."

"माझी नाही यायची. वय झालं तिचं." आणि मग, "दुकानात येत जा सकाळची. कामावर यायच्या आधी. बाटल्या बंद करताना कुणीतरी लागेल." हे त्यांनी विनंती म्हणून म्हटलं नाही. पूर्वी मागच्या खोलीतून हाक मारायचे त्याच आवाजात म्हटलं, आणि मी तेव्हासारखीच "हं" म्हणाले.

त्यांनी गोड ग्लास बाजूला केला. "पहिला कुठे आहे? टाकलास?"

"आहे. पण आता कोमट झाला असेल तो. नवा करून आणते."

"नको. तोच आण. त्याला मी नावं ठेवली."

मी तो आणला. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पहिला घोट घेतला. त्यांचे डोळे बारीक झाले, ओठ आवळले गेले. त्यांना तो केवढा आंबट लागत होता ते माझ्या गालांना कळत होतं. दुसरा घोट. तिसरा. मधे एकदा ते थांबले आणि मी पुढे हात केला, पण त्यांनी मानेनं नको म्हटलं. कडू औषध प्यावं तसा, एक थेंब न ठेवता, त्यांनी तो संपवला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. लंबू ट्रे छातीशी धरून येऊन उभा राहिला होता आणि त्याला राहवलं नाही.

"काका, आंबट होता ना?"

"आंबट मला लागला," बाबा म्हणाले. "ग्लास बरोबर आहे. माझी मुलगी करते तो." आणि रिकामा ग्लास त्यांनी त्याच्या ट्रेवर ठेवला.